मुलुंडहून बोरिवलीला, दोन काठ्यांवर

मुलुंड कॉलनीच्या टोकाला डांबर संपतं आणि डोंगराची पायवाट सुरू होते, तिथे एक सार्वजनिक नळ आहे. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सात वाजता मी तिथे पोचलो तेव्हा हंडे लावून उभ्या असलेल्या बायका माझ्याकडे बघून बोलायच्या थांबल्या. डोक्याला माकडटोपी, पाठीला पिशवी आणि दोन्ही हातांत ॲल्युमिनियमची एकेक चकचकीत काठी. त्यांनी तरी काय करावं!

"काका, पायाला काय झालं?" एकीने विचारलं.

"काय नाय. डोंगरावरून बोरिवलीला चाललोय, मुलीकडे."

"का? बस बंद हाय?"

हशा पिकला. मीही हसलो आणि चढणीला लागलो.

बस चालू होती. पण मी पैजेवर निघालो होतो. हिला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि गिरणी बसली त्याला त्याहून जास्त. दिवाळीत माझी मुलगी सुनंदा म्हणाली, "बाबा, मुलुंडची खोली काढून टाका आणि आमच्याकडे या." मी म्हटलं, जमणार नाही. अठ्ठावीस वर्षं त्या खोलीत काढली, आता जावयाच्या घरात पाहुणा म्हणून मरायचं नाही मला. बाई भडकली. माझीच मुलगी ती.

"एवढी तंगडी धड आहे ना? मग पूर्वी यायचात तसे डोंगरावरून चालत या. सूर्य मावळायच्या आत माझ्या दारात उभे राहिलात तर हा विषय जन्मात काढणार नाही. नाही आलात, तर गुपचूप बिछाना उचलायचा."

"कबूल," मी म्हटलं. बोलून गेलो खरा, पण उजवा गुडघा जिना उतरतानासुद्धा बोंब मारत होता.

या डोंगराची मला सवय होती. गिरणीतले आम्ही चार फिटर दर हिवाळ्यात इकडून चढायचो आणि तुळशी तलाव, कान्हेरीची लेणी करत बोरिवलीला उतरायचो. संपानंतर दोघे गावी निघून गेले. तिसरा, शांताराम, सावंतवाडीला मेहुण्याच्या दुकानात बसतो. राहिलो मी. पूर्वी वाटेत एवढ्या गप्पा व्हायच्या की डोंगर कधी सरला ते कळायचं नाही. आता प्रत्येक दगड कळतो.

काठ्यांची अक्कल मला कान्हेरीला आली. आदल्या वर्षी तिथे एक गोरी म्हातारी पायऱ्या उतरताना पाहिली. सत्तरीची असेल, पण दोन काठ्या टेकत पोरीसारखी टुणटुण उतरत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि खुणेनेच मागितल्या. तिने माझ्या हातात काठी दिली, माझं कोपर काटकोनात वाकवलं आणि नळीतली नळी ओढून, पिळून, काठी बरोबर तेवढ्या उंचीला बसवली. चढताना थोडी आखूड करायची, उतरताना लांब, हेही तिने करून दाखवलं. भाषा एक शब्द समजली नाही. यंत्र मात्र समजलं.

पैज लागल्यावर मी तसल्या काठ्या शोधत अंधेरीला गेलो. तिथे फॉरेनचा माल विकणारा एक गाळा होता. परफ्युमच्या बाटल्या, घड्याळं आणि कॅसेटच्या ढिगामागून दुकानदाराने तीन जोड्या काढल्या.

"अंकल, ये बर्फ का आयटम है. बंबई में बर्फ किधर?"

"गोळेवाल्याकडे," मी म्हटलं. "तू दाखव तर खरं."

पहिली जोडी एकसंध होती, कमीजास्त होत नव्हती. ती खरंच बर्फावरची असावी. दुसरी दोन नळ्यांची, पण मूठ गुळगुळीत प्लॅस्टिकची. मुंबईच्या घामात ती हातात राहिली असती होय? तिसरी तीन नळ्यांची, मुठीला बुचाचं लाकूड, मनगटाला पट्टा. तिची नळी पिळून आवळली आणि दुकानातच सगळं वजन तिच्यावर टाकलं. केसभर हलली नाही. दुकानदार म्हणाला, "तोडो मत, अंकल!" मी तीच घेतली. भाव सुनंदाला अजून सांगितलेला नाही.

तर त्या काठ्या टेकत मी वर आलो. पट्ट्यात हात खालून वर घालायचा आणि मग मूठ धरायची, म्हणजे भार पट्ट्यावर येतो आणि बोटं मोकळी राहतात. चढणीला गुडघा गप्प होता. दोनदा वाटलं की डावी काठी बोटभर आत गेली. म्हटलं, नीट आवळली नसेल.

नऊच्या सुमाराला धारेवर आलो. मागे भांडुप, कांजूरमार्ग, त्यापलीकडे मिठागरं आणि खाडीचं पाणी. पुढे नुसतं जंगल आणि त्यात तुळशी तलावाचा एक तुकडा. इथे शांताराम नेहमी पानाची डबी उघडायचा. मी दगडावर बसलो, थर्मासमधला चहा ओतला आणि घाईघाईत पिऊन टाकला. एकट्याने चहाला किती वेळ लावणार?

पुढचा उतार वाईट आहे. घसारा (सुटी माती आणि बारीक खडी) आहे आणि धरायला फक्त कारवीच्या वाळक्या काड्या. मी काठ्या लांब केल्या, आवळल्या आणि उतरायला लागलो. पंधरा-वीस पावलं झकास गेली. मग डाव्या काठीवर पूर्ण भार टाकला आणि खटकन् ती वीतभर आत गेली. माझा तोल गेला. डाव्या कुल्ल्यावर आपटलो आणि घसरत खाली एका ऐनाच्या बुंध्याला जाऊन अडकलो.

"शांताराम!" मी ओरडलो. "अरे ए शांताराम!"

तोंडातून हाक गेल्यावर मला कळलं की मी कोणाला बोलावतोय. कुठूनतरी एक कोंबडा आरवला, बाकी काही नाही. तळहात सोलले होते, पँट फाटली होती. गुडघा वाचला होता. तरी मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन रडलो मी तिथे, त्या बुंध्याला पाठ टेकून. पडल्याचं दुःख नव्हतं. मी संध्याकाळपर्यंत इथेच बसून राहिलो असतो तरी सुनंदाशिवाय जगात कोणाला पत्ता लागला नसता, आणि तीसुद्धा म्हणाली असती, हरले वाटतं बाबा.

डोळे पुसले आणि काठी खोलली. नळीच्या आत एक प्लॅस्टिकचा गुल्ला असतो. पिळलं की तो फुगतो आणि बाहेरच्या नळीला आतून घट्ट धरतो. नुसत्या घर्षणावर सगळा खेळ. त्या गुल्ल्याला बोट लावलं तर बोट चकाकलं. तेल!

मग आठवलं आणि कपाळावर हात मारला. आदल्या संध्याकाळी मीच शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन चारही सांध्यांत दोन-दोन थेंब सोडले होते. तीस वर्षांचा हात माझा. नवीन वस्तू घरात आली की आधी तेल. कडी असो, पंखा असो, सायकल असो. ब्रेकला तेल घालणारा शिकाऊ मी एकदा कानाखाली वाजवून खात्यातून हाकलला होता. त्याच्या जागी आता मला उभं करायला हवं होतं.

रुमालाने पुसून बघितलं. पिळलं की गुल्ला नुसता गोल फिरे. शेवटी काठ्या पूर्ण आत ढकलल्या आणि त्या हातभर दांडक्यांवर, कधी बसत कधी सरकत, उतार संपवला. घड्याळात साडेअकरा झाले होते. असल्या चालीने सूर्य मावळायच्या आत बोरिवली म्हणजे स्वप्नच. वाट लागली होती.

खाली झाडीत एक पाडा (आदिवासींची वस्ती) आहे. चार झोपड्या. पहिल्या झोपडीपुढे माझ्याहून मोठी एक बाई भांडी घासत बसली होती. माझी पँट बघून हात थांबला तिचा.

"काय झाला रे बाबा?"

"पडलो. काठीला तेल लागलं, धरत नाही."

तिने काठी हातात घेतली, नळी आतबाहेर करून बघितली आणि खुदकन हसली. "छत्रीसारखी हाय रे. कापड कुठं टाकलास?" मग बोट आत घालून वास घेतला. "तेलाला राख लाव की. शेरातल्या माणसा, तुला येवढा पण नाय समजत?"

चुलीतली कोरडी राख तिने पुढ्यात ओतली. मी एकेक गुल्ला राखेत घोळवला, घासला, फडक्याने पुसला. नळीत काडीला चिंधी गुंडाळून राख फिरवली. तीनदा केलं. तिने मध्येच माझ्या हातातून फडकं ओढून घेतलं, "असा नाय, असा," म्हणत. मग काठी जोडली, पिळली आणि दोन्ही पाय उचलून तिच्यावर लोंबकळलो. धरली!

पोटात कावळे ओरडत होते. मी डब्यातली चपाती-भाजी काढली, तिने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणली. दोघांनी वाटून खाल्लं.

"एकलाच फिरतंस?" तिने विचारलं.

"एकटाच. बायको गेली. मुलगी बोरिवलीला आहे."

"माझा पोरगा पण बोरिवलीला. साहेबाच्या बंगल्यावर माळी हाय. दर बाजाराला येतो नि सांगतो, आये, चल माझ्या संगं. मी नाय जात."

"बरोबर आहे. आपण आपल्या घरी बरे," मी जोरात मान हलवली.

"आपल्या घरी बरा," ती म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "पण त्यानं बोलवायचा सोडला ना, तर मी मरून जाईन रे."

मला तेव्हा ते फारसं कळलं नाही. मी घड्याळ बघत होतो.

पुढची वाट सोपी होती. तुळशीच्या कडेने गर्द सावली, मग कान्हेरीच्या पायऱ्या. त्या मी काठ्या लांब करून अशा उतरलो की सहलीच्या पोरांनी बाजूला होऊन वाट दिली. गुडघा म्हणजे जणू दुसऱ्याचाच. शेवटच्या डांबरी रस्त्यावर काठ्यांची टोकं टक् टक् वाजत होती आणि मी चक्क शीळ घालत होतो. राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवलीकडच्या फाटकातून बाहेर पडलो तेव्हा सूर्य चांगला दोन हात वर होता.

सुनंदा गॅलरीत उभी होती. मला बघून आत पळाली आणि दार उघडून उभी राहिली.

"आलात?"

"आलो."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय?"

ती हसली. मग फाटलेली पँट बघून ओरडली, मग हळद लावली, मग गरम पाणी काढलं. जेवायला कोलंबीचं आंबट होतं, अगदी हिच्या हातचं. जेवण झाल्यावर पदराला हात पुसत ती म्हणाली, "ठीक आहे, बाबा. जिंकलात. मी शब्द दिला होता. आता परत कधी विचारणार नाही."

"हं," मी म्हटलं.

आतल्या खोलीत माझं अंथरूण घातलं होतं. नवीन कॉट, नवी चादर. खिडकीत छोटा आरसा, दाढीच्या उंचीला. माझ्या उंचीला. कोनाड्यात हिचा फोटो, हार घातलेला. मी येऊन राहणार म्हणून पोरीने सगळी खोली मांडून ठेवली होती. मी हरणार याची तिला खात्री होती, किंवा मी हरावं अशी तिची इच्छा होती. ती विचारेल म्हणून मी बराच वेळ जागा राहिलो. विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो. पण नाही म्हणायलासुद्धा आधी कोणी विचारायला हवं ना?

सकाळी मी चहा पीत होतो तेव्हा जावयाने ती कॉट उभी करून भिंतीला लावली आणि बाहेर काढून ठेवलेलं शिलाई मशीन पुन्हा तिच्या जागी सरकवलं. सुनंदा पोळ्या लाटत होती. तिने वळून पाहिलं नाही. मी म्हटलं, "निघतो गं." ती म्हणाली, "सांभाळून जा." एवढंच. शब्दाला पक्की आहे, माझ्यावर गेलीय.

परत येताना बस घोडबंदरवरून ठाण्याला वळसा घालून गेली. डोंगर सगळा वेळ उजव्या हाताला होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. एवढा ओलांडला, कोणाच्या आधाराशिवाय, तेही या वयात. आनंद व्हायला हवा होता. शेजारच्या माणसाने विचारलं, "काका, ह्या काठ्या कशाच्या?" मी सगळं सांगायला सुरुवात केली, पण कासारवडवलीला तो उतरून गेला.

खोलीवर आलो. कुलूप उघडलं, दिवा लावला, स्टोव्हवर भात टाकला. चार दिवस कोणाशी काही बोलायचं कारण पडलं नाही. पाचव्या दिवशी पोस्टात जाऊन एक कार्ड घेतलं आणि तिथल्या बाकावर बसून लिहिलं:

"चि. सुनंदास अनेक आशीर्वाद. त्या दिवसापासून गुडघा फार दुखतो आहे. जिना उतरवत नाही."

गुडघा अजिबात दुखत नव्हता. ते कार्ड मी पेटीत टाकलं आणि तीन मजले न थांबता चढून घरी आलो.