ग्रिल काढलं त्या दुपारी

नवी खिडकी मापात बसते हे बघितल्याशिवाय जुनीला हात लावू नका, असं त्या खिडकीवाल्याला मी घसा फोडून सांगितलं होतं. ऐकेल तर शपथ! सकाळी आला, ड्रिल लावलं, गंजलेलं ग्रिल चौकटीसकट उखडलं, आणि मग नवी फ्रेम टेकवून बघतो तर ती मोठी. माप घेतानाच महाशय चुकले होते. "मॅडम, मालाड जाके काटके लाता हूँ, आधा घंटा." घाटकोपरहून मालाडला जाऊन परत, अर्ध्या तासात! मी तोंडाला येईल ते बोलले. तो फ्रेम उचलून गेलाच.

आता हॉलमध्ये मांडीएवढा कट्टा होता आणि त्याच्यापुढे तिसऱ्या मजल्यावरून थेट खाली रस्ता. आणि घरात बाबा होते.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे राहतात. मिलमध्ये आयुष्य काढलेला माणूस, बसून राहणं जमत नाही. दुपारचा चहा झाला की ते खिडकीशी जातात, दोन्ही हातांनी गज धरतात आणि सगळा भार ग्रिलवर टाकून तासभर उभे राहतात. आज सवयीने गेले आणि सवयीने रेलले तर?

त्यांना मी आतल्या खोलीत झोपवलं. भोकासमोर टीपॉय आडवा लावला, त्याला दोन खुर्च्या टेकवल्या. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. ते उठले तेव्हा पुन्हा बजावलं, "बाबा, आज खिडकीकडे अजिबात जायचं नाही. काम चालू आहे."

"आयकलंय गो. माका काय खुळो समाजतंस?"

बाबांनी 'नको' म्हटलं की संपलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की "माका सगळा दिसता." पेपर का बंद केलात विचारलं की "त्यात काय नसता हल्ली." वाद घालून मीच थकते.

चहा दिला आणि बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी. जिन्यात डेब्रिजच्या गोण्या कोणाला विचारून ठेवल्या? माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, तुमच्या किचनचं काम झालं तेव्हा गोण्या महिनाभर कुठे होत्या हो? झालं, जुंपली. बोलता बोलता मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मी वळले. बाबा "वाटेत काय काय ठेवतत" असं पुटपुटत खुर्च्या बाजूला करून, टीपॉयला वळसा घालून कट्ट्याशी पोचले होते. गुडघे कट्ट्याला टेकलेले, उजवा हात बाहेर, बोटं गज शोधत होती. ते अजून थोडे पुढे वाकले.

मी धावले, पाठीमागून कमरेला मिठी मारली आणि ओढलं. आम्ही दोघं धाडकन जमिनीवर. सेक्रेटरी "अहो, अहो" करत आत आले.

बाबा भयंकर चिडले. "ओढतंस कित्याक? पडलंय असतंय मी!"

"मी सांगितलं होतं ना जाऊ नका म्हणून!"

"काम झाला मां? आवाज थांबलो तेचा. बघूक गेलंय." मग माझी समजूत काढावी तशा सुरात, खिडकीच्या दिशेने मान हलवत ते म्हणाले, "बरी बसवल्यान हां गो खिडकी. उजेड चांगलो येता."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. ते थेट त्या भोकाकडे बघत होते. पापणीसुद्धा हलली नाही.

"बाबा," मी म्हटलं, "तिथे खिडकी नाहीये."

"म्हंजे?"

"ग्रिल नाही, काच नाही, काहीच नाही. नुसतं भोक आहे. बाबा, तुम्हाला दिसत नाहीये?"

सेक्रेटरी गुपचूप दार ओढून निघून गेले. बाबांनी उजवा हात मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने त्याची बोटं चाचपत राहिले.

"मगे माझो हात खंय होतो?" त्यांनी विचारलं.

"बाहेर," मी म्हटलं, आणि तो हात दोन्ही हातांनी धरून हुंदके देत रडले.