सुमाक्का आणि कांद्याचं सॉफ्टवेअर

आमच्या टीमचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. काम अडलं की एक किस्सा तयार व्हायचा, आणि आमचं काम सारखंच अडायचं! आता कोरमंगलातल्या ऑफिसात जेवणाचे डबे उघडले की नव्या माणसाला भाजीबरोबर हेही वाढलं जातं.

काम होतं यशवंतपूरच्या मंजण्णांचं. कांदा-बटाट्याचे ठोक व्यापारी. त्यांच्या गोदामासाठी आम्ही सॉफ्टवेअर करत होतो. आधीचे मॅनेजर कंटाळून सोडून गेलेले. दिल्लीच्या साहेबांनी बजावलं होतं, "आपल्यामुळे तारीख चुकली, तर टीम बंद!" मी पुण्याहून नुकतीच आलेली. नोकरी गेली तर आईला फोनवर काय सांगायचं, याचीच मला धास्ती.

अशात मॅनेजर म्हणून आल्या सुमाक्का. मल्लेश्वरमच्या. त्यांचं मराठी घराणं इथे इतकं जुनं, की बोलता बोलता कानडी कधी सुरू होतं ते त्यांनाही कळत नाही.

*

पहिल्याच मीटिंगला निपाणीच्या संतोषने भिंतीवर रंगीत चार्ट लावला. कुणी कुठलं काम कधी करायचं, सगळं त्यात. आमचा हा हुकमी एक्का!

अक्कांनी तो शांतपणे पाहिला आणि विचारलं, "यात घरचं लग्न कुणाचं आहे?"

संतोषनेच हळूच हात वर केला. "बहिणीचं आहे ओ अक्का. ऑगस्टात."

"मग ऑगस्टात हे निळं-निळं कोण करणार? नवरदेव?"

*

याच संतोषचं काम नेहमी 'झालंच' असायचं.

"झालंच की ओ अक्का, स्वल्प राहिलंय."

"सरी, बरं. दाखव."

"दाखवण्याइतकं नाही झालं."

*

मंजण्णा मात्र देवमाणूस. काहीही दाखवा, हसून मान डोलवायचे. आम्ही खूश! अक्का नव्हत्या. एकदा डेमो संपल्यावर त्यांनी मंजण्णांनाच विचारलं, "आत्ता तुम्ही कशाला हो म्हणालात, ते जरा सांगा बघू."

मंजण्णा ओशाळले. "मला काय कळतंय अक्का? पोरं चांगली आहेत, त्यांना नाराज कशाला करायचं!"

त्या दिवसापासून डेमो मंजण्णांनी द्यायचा आणि माना आम्ही डोलवायच्या, अशी पद्धत पडली. निम्म्या चुका तिथेच सापडल्या.

*

काम मागे पडतंय म्हटल्यावर साहेब उदार झाले. "नवीन माणसं देतो!"

अक्का म्हणाल्या, "सर, त्यांना शिकवायला माझी माणसं लागतील. मग काम कोण करणार?"

साहेबांनी क्षणभर विचार केला. "त्यासाठी आणखी माणसं देतो!"

अक्कांनी फोन ठेवला आणि कॉफी मागवली.

*

आणि मग तो दिवस. सॉफ्टवेअर चालू करायची तारीख आली होती आयुधपूजेची, म्हणजे आपल्या खंडेनवमीची. सुट्टी, बाजार शांत, यापेक्षा चांगला दिवस कुठला, असं आम्ही सगळेच म्हणत होतो.

सकाळी शेवटची चाचणी घेतली, तर गोदामातला सगळा बटाटा कांद्यात! संतोषचा चेहरा उतरला. "आज नाही जमत ओ अक्का. उद्यापर्यंत वेळ पाहिजे."

आम्ही कॅबने गोदामाकडे निघालो. टीम आता बंद होणार हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि अक्का? त्यांनी वाटेत कॅब थांबवून शेवंतीच्या माळा घेतल्या! मला त्यांचा भयंकर राग आला.

गोदामाच्या दारात कोहळा फोडलेला. ट्रकला हार, वजनकाट्याला हार. आत कॉम्प्युटरला गंध, माउसला कुंकू, कीबोर्डवर फुलांचा ढीग! मंजण्णांनी हात जोडले. "आज मशीनला हात लावायचा नाही. उद्या विजयादशमी. उद्या सुरू करा."

तेवढ्यात अक्कांना साहेबांचा फोन. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. "उशीर कुणामुळे?"

"माझ्यामुळे!" मंजण्णा शेजारूनच ओरडले. "लिहून देऊ?"

"नको, नको," म्हणत साहेबांनी फोन ठेवला. मी तिथल्याच एका पोत्यावर बसकण मारली. इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

संतोषने लॅपटॉप उघडला आणि घाबरून अक्कांकडे पाहिलं.

"तुझ्या लॅपटॉपची पूजा झालीय?"

"नाही."

"मग चालू दे."

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर सुरू झालं. बटाटा बटाट्यातच राहिला! मंजण्णा स्वतः सगळ्यांना म्हैसूर पाक वाटत होते. मी म्हटलं, "अण्णा, नशीब आमचं, तारीख नेमकी आयुधपूजेची पडली!"

"पडली कसली?" मंजण्णा म्हणाले. "उन्हाळ्यात अक्कांनीच मागून घेतली. मी सांगितलं होतं, त्या दिवशी आमच्याकडे मशीनला कुणी हात लावत नाही."

"मग? अक्का काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'ठाऊक आहे. हीच लिहा.'"