अंबाजीकाका कांबळ घेऊन जेवायला गेला

आमचा अंबाजीकाका गेला. रडून झालं, दहावं झालं. आता त्याची खरी गोष्ट सांगते, कारन लोक सांगतात ती आर्धीच सांगतात, आन् हसतात मात्र पुरं.

काका रेवदंड्याला मीठखात्याच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात पंखा वढायचा. मुंबैतला इजेचा पंखा न्हवं. जेवायच्या टेबलावर छताला झालरीचा लांब पडदा टांगलेला आन् त्याची दोरी भिंतीच्या भोकातून मागल्या पडवीत. तिथं काका भिंतीला पाठ लावून बसायचा. कधी हातानं वढायचा, हात भरून आला की पायाच्या आंगठ्याला दोरी बांधायचा. साहेब आत, काका भाएर उन्हात. जेवायची खोली त्यानं कधी बघितलीच न्हाय. वारा हिकडून तिकडं जायचा, काका हिकडंच.

पन एक गोष्ट त्यानं बरोब्बर हेरली व्हती. साहेब दिवसभर नुसत्या शर्टावर हिंडायचा, आन् जेवायच्या वक्ताला कोट चढवायचा. भर वैशाखात! मडम पन खांद्यावर शाल घ्यायची. काकानं ताडलं, आत थंडी पडत आसनार. माझ्या वाऱ्यानं.

मंग काय, पार चौलापतुर ज्याला त्याला सांगायचा, "आरं, माझ्या हातानं साहेबाला हुडहुडी भरते!"

राहीकाकू म्हनायची, "मंग घरात का न्हाय पडत थंडी? हात तर हितंच हायेत न्हवं?"

"घरात दोरी कुठाय?" काका म्हनायचा.

साहेबाची बदली झाली. बत्तीस साली दयारामशेठनं तो बंगला घेतला आन् हाटेल काढलं. आगबोटीनं उतरलेले, हरिहरेश्वराला निघालेले, अलिबागचे वकील, सगळे दुपारचे तिथंच जेवायचे. टेबल तेच, पंखा तोच, आन् भिंतीत चिनलेला आसावा तसा काका पन शेठला बंगल्यासंगं मिळाला.

काकाला एकच ध्यास. मरायच्या आधी एकदा त्या थंडीत बसून जेवायचं. दिवाळीला शेठनं त्याला धोतर देऊ केलं तर म्हनला, "धोतर नको शेठ. मला आन् हिला टेबलावर जेवान द्या. पन आत्ता नको, वैशाखात."

"वैशाखात कशाला?"

"थंडीचा गुन उन्हाळ्यात कळतो."

वैशाखातली ती दुपार आली. कौलं नुसती तापलेली. काका आला तो कानटोपी घालून, खांद्यावर कांबळ. मागून राहीकाकू, पदर तोंडात धरून. दोरीवर बसवला तिचा भाऊ धर्मा, मिठागरावरचा गडी, दंडानं दांडगा.

शेठनं कांबळ बघून कपाळाला हात लावला. "अरे अंबाजी, तू जेवायला आलास के हिमालयात चाललास?"

"तुमाला सवय झालीय शेठ," काका म्हनला. "मी पयल्यांदाच आत येतोय."

दोघं खुर्चीवर मांडी घालून बसली. भात आला, आमटी आली, बटाट्याची भाजी, पापड. काकानं कानटोपी वढून घट्ट केली, कांबळ पांघरलं आन् डोळे मिटले. वर पडदा हालला. डोकीवरून वारा गेला, तापल्या तव्यावरून येतो तसला. काका वाट बघत ऱ्हायला. कानटोपीतून घाम नाकावर आला, नाकावरून आमटीत.

त्यानं उठून भोकाला तोंड लावलं. "धर्मा! वढ की! मीठ वढतोस का पंखा?"

"वढतोय की दाजी!"

"थंडी येत न्हाय!"

धर्मा इरेला पडला. पडदा असा सुटला की काकाचा पापड उडाला आन् पलीकडच्या वकिलाच्या पागोट्यात जाऊन बसला.

"शेठ," वकील म्हनला, "पापड मी मागवला नव्हता."

सगळं हाटेल हसलं. काका न्हाय हसला. खाली बसला आन् हळूच काकूला म्हनला, "थंडी न्हायच का गं हितं? कवाच नव्हती?"

काकूचं हसू तोंडातल्या तोंडात मेलं. "धर्माचं काम न्हाय हे," ती म्हनली. "हात तुमचाच पायजे. जावा, तुमी वढा."

काका उठला. कांबळ तिच्या खांद्यावर टाकलं, पडवीत गेला, धर्माला उठवलं आन् भिंतीला पाठ लावली. दोरी हातात आली तेव्हा कुठं त्याला बरं वाटलं. दोन-चार वढी घेऊन भोकातून वरडला, "आता कसं हाय?"

आत काकू कानापतुर कांबळात. कपाळावरून धारा लागलेल्या. शेठ बघतोय, वकील बघतोय.

"आवं, हळू वढा!" काकू वरडली. "दात वाजतायत माझे!"

शेठनं तोंड उघडलं, तेवढ्यात वकिलानं मुकाट्यानं कोटाची बटनं गळ्यापतुर लावली आन् मोठ्यानं म्हनला, "शेठ, जरा खिडकी लावून घ्या हो. बाधेल एखाद्याला."

शेठनं लावली. बिचारे सगळे घाम पुसत जेवले.

काका शेवटचा मानूस उठेपतुर वढत ऱ्हायला. मंग काकूनं त्याचं ताट पडवीत आनून दिलं. भात केव्हाचा गार झालेला. काकानं एक घास घेतला आन् ताट धर्माच्या म्होरं धरलं. "हात लावून बघ. ह्याला म्हनतात थंडी."

काका गेला तो पन वैशाखातच. उचलायच्या वक्ताला काकूनं तेच कांबळ आनून त्याच्या आंगावर घातलं. बायका म्हनल्या, "आगं, एवढ्या उन्हात?"

"आसू दे," ती म्हनली. "जलमभर भाएर बसला. आता आत चाललाय."