गाडीमागे उभा राहणारा माणूस

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी म्हसवडला जाताना आमची मोटार बंद पडली आणि मी वाटेतल्या एका बैलगाडीत बसलो. गाडीवानाच्या अंगात फौजेतला खाकी कोट होता, खाली धोतर. स्वारी मोठी खुशीत होती. एका बैलाच्या खुराची पत्री, म्हणजे लोखंडी नाल, सैल होऊन खडखडू लागली तशी त्याने गाडी थांबवली. पण बैलाकडे न जाता तो आधी गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, डावा हात उचलून "ह्यो डावा" असं पुटपुटला आणि मगच त्या बैलाच्या शिंगाला खुणेची लाल चिंधी बांधून आला.

"पत्री म्हसवडात ठोकू. तवर हळू जाऊ."

"पण मागे कशाला गेलात?"

तो खो खो हसला. "आवं, लढाईत मी इमानं दुरुस्त कराय हुतो. एकदा डाव्या पंखातली पेट्रोलची टाकी गळाय लागली. दुरुस्ती उद्या करू, आज ती टाकी बंद ठिवून उडू, असं ठरलं. मी इमानाच्या नाकाफुडं, त्याच्याकडं तोंड करून उभा, माज्या डाव्या हाताची टाकी बंद केली. चांगली बंद, गळकी चालू! उडायच्या आदी इमान चालवनाऱ्या सायबानं बघितलं म्हनून जीव वाचला त्याचा. काम उद्यावर टाकावं, पर काय टाकलं त्ये तरी नीट बघावं."

म्हसवडात उतरल्यावर मी त्याला देवळाची वाट विचारली. समोर उभा होता तो वळसा घालून माझ्या पाठीशी आला आणि खांद्यावरून हात लांब करून म्हणाला, "त्ये डावं."

आजही कुणी वाट विचारली की मी आधी त्याच्या पाठीमागे जातो. लोक बिचकतात, पण चुकत नाहीत.