जॅकच्या दगडावरचं नाव

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण सत्तरी उलटली, आता मला कोण काय म्हणणार? लोटन. आमच्या सोनगीरला हायवेच्या कडेला, निंबाखाली, एका गोऱ्या साहेबाच्या कुत्र्याची समाधी होती. कुत्र्याचं नाव जॅक, आणि त्याला सांभाळायला होते ह्यांचे आजे, कौतिक. कुत्रं मेलं तेव्हा साहेबानं दगडावर इंग्रजीत त्याचं नाव कोरून घेतलं आणि खाली कौतिकचंही, असं सासरे सांगायचे. सातबाऱ्यावर नाही, शाळेत नाही. आजोबांचं नाव जगात तेवढ्या एका दगडावर. आमच्या घरात इंग्रजी कुणाच्या बापाला येतंय! पण मी नवी नवरी होते तेव्हा हे त्या अक्षरांवर बोट फिरवून म्हणाले होते, "आठे मना आजा शे." इथं माझा आजा आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गाव बैल धुवायचं आणि आमचे हे कुत्र्याची समाधी. लोक विचारायचे, "लोटनभाऊ, जॅकला पुरणपोळी नेली का?" मला लाज वाटायची, रागही यायचा. पण बोलून काय, पालथ्या घड्यावर पाणी. हे चुना कालवायचे आणि घासायचं काम माझं. जुना चुना निघाल्याशिवाय नवा धरत नाही, म्हणून मी विटेचा तुकडा घेऊन खरखरा घासायची. सगळा राग त्या दगडावर काढायची. अशी चाळीस वर्षं गेली. हळूहळू अक्षरं दिसेनाशी झाली, तर आम्ही समजलो, चुन्यात बुजली असतील.

मग रस्ता रुंद व्हायचं ठरलं. जुन्या वास्तूंची यादी करायला धुळ्याहून मोहिनी मॅडम आल्या. यादीत लागली तर समाधी वाचणार, नाहीतर रस्त्यात जाणार. ह्यांनी त्या दिवशी ठेवणीतलं धोतर काढलं. मॅडमनी दगड पाण्यानं भिजवला आणि लाकडी पट्टीनं चुन्याचे थर काढले. खाली दगड पोळपाटासारखा सपाट.

"आबा, अक्षरं कुठं गेली?" त्यांनी विचारलं. जुना फोटो आहे का, कुणी लिहून घेतलं होतं का, तेही विचारलं. आमच्याकडे कसला फोटो. बाई वाईट नव्हत्या, त्यांचाही चेहरा उतरला. पण पुराव्याशिवाय त्या तरी काय लिहिणार?

चाळीस वर्षं त्यावर वीट फिरवली होती ती मी. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बठ्ठं मीच घासं, ताई." सगळं मीच घासलं, म्हणे. जन्मभर माझं तोंड कधी बंद राहिलं नाही, नेमकी तेव्हाच मी गप्प बसले.

रस्ता झाला. दगड आम्ही ट्रॅक्टरमध्ये घालून घरी आणला, जॅक डांबराखाली राहिला. घासण्याबद्दल हे मला आजवर एक शब्द बोलले नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी परत चुना कालवला. विटेचा तुकडा मी केव्हाच उकिरड्यावर टाकला होता. ओल्या फडक्यानं दगड पुसला, तान्ह्या लेकराचं अंग पुसावं तसा. ह्यांना आता नीट दिसत नाही. शेजारी बसून दगड चाचपत म्हणाले, "नाव कोठे व्हतं वं?"

मला रडू आवरेना. मी त्यांचं बोट धरलं आणि कोऱ्या दगडावर टेकवलं.

"आठे," म्हटलं.