सातव्या होलवरचा वारा

ताईला जाऊन आज वर्ष झालं. तिने बनवलेल्या गोल्फ कोर्सच्या सातव्या होलवर अजून एकाही प्रोफेशनलला बर्डी मिळालेली नाही.

बर्डी म्हणजे बॉल खड्ड्यात घालायला ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक फटका कमी.

मी इथे फारसं लिहीत नाही. आज लिहितो.

परभणीत गोल्फ म्हटलं की लोक हसतात. पण झरीच्या पुढे माळावर एक रिसॉर्ट आहे. तिथला गोल्फ कोर्स नव्याने डिझाइन करायचं काम माझ्या मोठ्या बहिणीकडे होतं.

जुना कोर्स पाहुण्यांसाठी. अगदी सोपा. मालकांना मोठी स्पर्धा भरवायची होती, म्हणजे प्रोफेशनल खेळाडूंना घाम फुटायला हवा. चाचणीत त्यांना सोपं गेलं, तर काम बाहेरच्या कंपनीला जाणार होतं.

ताईची केमो नुकतीच सुरू झाली होती.

मालक म्हणाले, "सातव्या होलला तळं खोदू. बॉल बुडाले पाहिजेत."

ताई म्हणाली, "खाली गावात टँकर यायलाय, अन् आपण बॉल बुडवायला पाणी भरायचं?"

दुसऱ्या दिवशी ताई पाटीभर भुसा घेऊन माळावर. आमचे आजोबा खळ्याची जागा अशीच ठरवायचे. उंचावरून भुसा सोडायचा, वारा कुठून येतो ते बघायचं.

मालक हसले. "मॅडम, गोल्फ करायलात का खळं?"

"दोन्ही. दाणा इकडं, भुसा तिकडं."

पहिला फटका मारायची जुनी जागा झाडांच्या आडोशाला होती. ती पाहुण्यांसाठी तशीच ठेवली. प्रोफेशनलसाठी नवी जागा उघड्या माळावर, समोरून वारा.

झेंड्याभोवतीची हिरवळ अरुंद केली, कडा उतरत्या.

चाचणीच्या दिवशी ताई डोक्याला स्कार्फ बांधून खुर्चीवर बसली होती.

आई म्हणाली, "ऊन लय हाय माय, घरी चल."

"थांब गं. वारा सुटायलाय."

पहिल्या खेळाडूने वारा बघायला चिमूटभर गवत उडवलं. सगळं त्याच्याच शर्टवर आलं.

बॉल हिरवळीच्या कडेला टेकला आणि घरंगळत खाली गेला.

दुसऱ्याचाही.

तिसऱ्याने टोपी काढून विचारलं, "किसने बनाया ये होल?"

ताईने शाळेतल्यासारखा हात वर केला.

स्पर्धा झाली. ताईने ती स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. जिंकणाऱ्यालाही सातव्यावर बर्डी मिळाली नाही.

आज दुपारी आई आणि मी तिथे गेलो. आईने पदरातून मूठभर भुसा नेला होता. सोडला, तो सगळा माझ्या तोंडावर.

आई म्हणाली, "हाय की गं वारा."

ताई, तुझा होल अजून कुणाकडून हरलेला नाही.

भरल्या मनाने नमस्कार.