अर्ध्या पुलाचा कठडा

त्या पुलाची केस आजही जशीच्या तशी आठवते, आणि तिच्याहून जास्त आठवतो माझा तेव्हाचा रुबाब. झाशीपासून दोन तासांवरच्या एका ठाण्याची मी नवी प्रभारी झाले होते. काळा चष्मा, कडक इस्त्री, आणि आपल्याला माणूस चेहऱ्यावरून कळतो असा ठाम गैरसमज. आज ती बाई, म्हणजे तेव्हाची मी, समोर आली तर मी तिला आधी चहा पाजीन आणि मग चष्मा काढून घेईन.

नदीवरचा तो पूल दोघांचा होता. अलीकडचा अर्धा नगरपंचायतीचा, पलीकडचा अर्धा ग्रामपंचायतीचा. मधोमध लोखंडी जोड, तीच हद्द. ज्याने त्याने आपला अर्धा सांभाळायचा. दरवर्षी दुरुस्त कठड्याचा फोटो जिल्ह्याला गेला की पुढचा निधी यायचा.

एका जानेवारीत सकाळच्या धुक्यात एक दूधवाला सायकलसकट खाली गेला. पाणी कमी म्हणून जीव वाचला. मांडीचं हाड मोडलं. मी पोचले तेव्हा अलीकडच्या अर्ध्याला कठडाच नव्हता. आठवड्यापूर्वी तो मी स्वतः पाहिला होता, पलीकडे मात्र नजरही टाकली नव्हती. नगरपंचायतीच्या ओव्हरसियरने तिथेच तहरीर, म्हणजे लेखी तक्रार, लिहून दिली : लोखंडाच्या बारा जाळ्या चोरीला. पलीकडे मात्र निळाशार, ताजा रंगवलेला कठडा उभा. "पंचायतवालों से सीखिए कुछ," असं मी त्याला सुनावलंसुद्धा. आता लिहितानाही कान गरम होतात.

तो खालच्या आवाजात म्हणाला, "मैडम जी, नाके वाले कबाड़ी के यहाँ देख लीजिए."

भंगारवाल्याच्या दुकानात जाळ्या नव्हत्या, पण पुलाच्या भोकांत बरोबर बसतील अशा नव्या बोल्टांचा डबा होता. मला तेवढं पुरलं. एफआयआर, जप्ती, कोठडी.

"जाली कहाँ बेची?"

"बेची नहीं, मैडम जी. बोल्ट तो हर साल मुझी से ले जाते हैं, वो..."

"जितना पूछा है, उतना बोल!"

टेबलावर मी हात असा आपटला की दीवानजींचा, म्हणजे आमच्या हेड कॉन्स्टेबलचा, चहा सांडला. बाहेर लिंबाखाली त्याची बायको डबा घेऊन बसली होती. येताजाता मला तेच म्हणायची, "बाई साब, इनने कछू नईं करो." मी न थांबता आत जायची. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला न्यायालयात उभं करायचं, तिथून तुरुंग. कागद तयार होते.

सकाळी त्याचा जबाब उतरवताना 'हर साल'पाशी माझा हात थांबला. चोर बोल्ट काढेल. त्याला नवे बोल्ट कशाला लागतील? नवे लागतात ते जाळ्या पुन्हा बसवणाऱ्याला.

दीवानजींना घेऊन पुलावर गेले. पलीकडच्या निळ्या जाळीवर केसातली पिन घासली. निळ्याखाली पिवळा निघाला. पिवळ्याखाली निळा. त्याखाली पुन्हा पिवळा. पिवळा हा नगरपंचायतीचा रंग.

दीवानजी खोकले. "पता तो सबको है, मैडम. पहले इधर कसते हैं, पीला पोतते हैं, फोटो. फिर उधर ले जाते हैं, नीला पोतते हैं, फोटो. चार-छह दिन में वापस."

"और आपने मुझे बताया नहीं?"

"आप चोर ढूँढ़ रही थीं. चोर तो कोई था ही नहीं."

मी पुलाच्या मधोमध उभीच राहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, पण असा धक्का बसला नव्हता. लग्नघरी शेजारणीकडून परात आणावी, तसा हे लोक कठडा आणत-नेत होते. आणि पुलाचा कुठलातरी अर्धा कायम उघडा असायचा, माणसं त्यावरूनच जात होती, हे माझ्या ठाण्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ओव्हरसियरने अर्ध्या तासात कबुली दिली. त्याच्या दृष्टीने त्यात कबूल करण्यासारखं काही नव्हतंच. "काम रुकता नहीं था, मैडम जी," एवढंच म्हणाला.

भंगारवाल्याला सोडलं. माफी मागायची होती, पण वर्दीत ते जमलं नाही. "आगे से ध्यान रखना," असं काहीतरी बोलले. त्याने कशाचं ध्यान ठेवायचं होतं, देव जाणे.

आणि मग मी माझी कमाल केली. पुरावा म्हणून बाराच्या बारा जाळ्या उतरवून ठाण्याच्या मालखान्यात जमा केल्या. पावती केली, शिक्का मारला, फार समाधान वाटलं. संध्याकाळी पुलावरून जीप नेताना ड्रायव्हर एकदम हळू झाला, तेव्हा लक्षात आलं. दोन कार्यालयांनी मिळून अर्धा पूल उघडा ठेवला होता. मी एकटीने सबंध उघडा केला होता. न्यायालयाच्या हुकुमाशिवाय जाळ्या परत देता येत नव्हत्या.

सकाळी पाहते तर तो भंगारवाला आणि त्याची बायको पुलावर बांबू उभे करत होते.

"किसने कहा तुमसे?"

"कहेगा कौन, मैडम जी? हमें भी इसी पे से घर जाना है."

समोरचा माणूस खोटं बोलतोय का, हे ताडण्याच्या नादात तो काय बोलतोय ते ऐकायचं राहून जातं. एवढं शिकायला मला एका निरपराध माणसाची एक रात्र खर्चावी लागली.

बांबूंना दोर बांधत भंगारवाला पुढे सरकत होता. मधला जोड आला. दोर तिथे तुटला नाही, हद्दीवरून सरळ पलीकडे गेला.

नात इथवर ऐकते आणि दरवेळी विचारते, "आजी, फिर आपने क्या किया?"

काय करणार? चष्मा खिशात ठेवला आणि पुढचा बांबू धरला.